डब्याच्या पाठीला भोकं किती? स्टोरेज बॉक्सचे पोर्ट ठरवताना

लातुरातल्या एका फोटो स्टुडिओसाठी मी पहिला स्टोरेज बॉक्स जुळवला तो फार हौसेनं. पाठीमागं नेटवर्कचे चार पोर्ट, दोन ई-साटा (बाहेरची डिस्क जोडायचा जुना पोर्ट), एचडीएमआय, डिस्प्ले पोर्ट, वर ऑडिओचंही भोक. सहा महिन्यांनी गेलो तर चारपैकी एकाच नेटवर्क पोर्टात वायर होती. बाकीच्या भोकांवर कोळ्यानं जाळं विणलेलं. आणि स्टुडिओतला पोरगा कार्ड रीडर लावायला दर वेळी टेबलाखाली शिरून डब्याच्या मागं चाचपडायचा. पुढच्या बाजूला यूएसबी द्यायचं मी विसरलो होतो.

तेव्हापासून डबा बघायच्या आधी मी त्याच्यापाशी कोण येणार ते बघतो. हा लेख त्यांच्यासाठी, जे पहिल्यांदाच असा डबा विकत घेतायत किंवा स्वतः जुळवतायत. डबा म्हणजे नॅस: दोन-चार हार्ड डिस्कचा छोटा कॉम्प्युटर, ज्याच्यावरचा माल ऑफिसातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून दिसतो. अजून एक गोष्ट आधीच सांगतो. इथं पोर्ट म्हणजे वायर खुपसायचं भोक. राउटरच्या सेटिंगमध्ये जे ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ असतं ते वेगळं, आणि त्याच्या नादाला लागून नवख्या माणसानं आपला डबा थेट इंटरनेटवर उघडा टाकू नये.

पहिली पायरी: वहीचं एक पान

कॅटलॉग उघडू नका. वहीचं पान घेऊन चार रकाने आखा: डब्याला काय जोडणार, किती वेळा, एका वेळी किती जीबी, आणि ती वस्तू डब्यापासून किती फुटांवर आहे. शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि घोळ बहुतेक तिथंच होतो.

स्टुडिओचं पान असं निघालं. लग्नाला दोन व्हिडिओ कॅमेरे. एकाचं ४के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिटनं साठत असेल तर तासाला ४५ जीबी. दोघं चार तास चालले की ३६० जीबी. हळद आणि वरात वेगळी. लगीनसराईत रोज एवढा माल येतो, आणि तो सकाळी एडिटिंगला बसायच्या आत डब्यात पडलेला लागतो.

कोचिंग क्लासचं पान उलटं असतं. माल थोडा, माणसं फार. चाळीस पोरं एकाच वेळी रेकॉर्ड केलेलं लेक्चर बघत असतील आणि एकेकाला सेकंदाला ५ मेगाबिट लागत असतील, तर सगळे मिळून २०० मेगाबिट. साधा १ गिगाबिटचा पोर्ट एवढं आरामात ओढतो. तिथं महागडा पोर्ट घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि परभणी-जालन्याकडच्या जिनिंगचं पान तिसऱ्याच तऱ्हेचं: बिलं, कापसाच्या गाड्यांच्या वजनाच्या पावत्या, थोडं सीसीटीव्ही. जीबी नगण्य, पण वजनकाट्याची केबिन ऑफिसपासून दीड-दोनशे मीटरवर. तिथं सगळा प्रश्न अंतराचाच.

दुसरी पायरी: आठनं भागायचं

पोर्टवर लिहिलेला आकडा बिटमध्ये असतो आणि फाईलचा आकडा बाइटमध्ये. पोर्टच्या आकड्याला आठनं भागा, वरून थोडी घट धरा. १ गिगाबिटचे हिशोबानं १२५ एमबी होतात, हातात ११० च्या आसपास पडतात. २.५ गिगाबिटचे साधारण २८०. यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिटचं, प्रत्यक्षात ३५ एमबीच्या आगेमागे.

आता तेच ३६० जीबी मोजून बघा. १ गिगाबिटवर पंचावन्न मिनिटं. २.५ वर वीस-बावीस मिनिटं. यूएसबी २.० वर पावणेतीन तास. आणि जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचमधून, म्हणजे सगळ्या नेटवर्क वायरी जिथं एकत्र येतात त्या डबीतून, गेलं तर नऊ तास. “दादा, रात्रभर कॉपीच होऊलालीय” असा फोन आला की मी डब्याकडं बघतच नाही, आधी स्विच विचारतो.

स्विच चांगला असूनही नऊच तास लागत असतील तर वायरीचं टोक बघा. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात. १०० मेगाबिटला चारच लागतात, म्हणून कॅमेरे बसवणारे कधी कधी चारच क्रिम्प करतात (टोकात दाबून बसवतात) आणि उरलेल्या चार दुसऱ्या कशाला वापरतात. गिगाबिटला आठही लागतात. त्या उरलेल्या चारांतली एक जरी तार सुटली तरी जोडणी गुपचूप १०० वर उतरते. दिवा लागलेला असतो, नेट चालू असतं, कुणाला संशयही येत नाही.

दुसरीकडं डिस्कची पण ताकद बघायची. साडेतीन इंची हार्ड डिस्क मोकळी असताना सेकंदाला दीडशे ते अडीचशे एमबी देते, आणि भरत गेली की आतल्या कड्यांवर वेग बराच उतरतो. आपल्याकडं बोअरला किती इंची पाणी लागलं ते बघून मोटर घेतात, तसंच हे. दोन डिस्कच्या आरशी जोडीला (दोन्हींवर तोच माल) १० गिगाबिटचा पोर्ट लावला तर पोर्ट कोरडाच राहणार. त्या जोडीला २.५ पुरून उरतो. १० घ्यायचा तर मागं एसएसडी (न फिरणारी, चिपांची डिस्क) हवी किंवा पाच-सहा डिस्क एकत्र पळत असायला हव्यात.

तिसरी पायरी: नेटवर्कचे पोर्ट

आज नवा डबा घेत असाल तर निदान एक पोर्ट २.५ गिगाबिटचा घ्या, हे मी डोळे झाकून सांगतो. कारण भिंतीतली वायर बदलावी लागत नाही. २०१६ साली आलेलं हे मानक मुळात जुन्या केबलीसाठीच बनलं. बऱ्या अवस्थेतली कॅट-५ई प्रतीची केबल असेल तर शंभर मीटरपर्यंत चालतं. स्विच मात्र २.५ चा लागेल, नाहीतर दोघं मिळून १ वरच बोलतील. पोर्ट मागं सरकून जुन्या वेगाशी जुळवून घेतो, म्हणून आज स्विच नसला तरी पोर्ट घेऊन ठेवण्यात तोटा नाही.

दोन पोर्ट घ्यावेत का? घ्यावेत, पण लोक ज्या कारणासाठी घेतात त्यासाठी नव्हे. दोन पोर्ट जोडले की वेग दुप्पट, असा समज आहे. दोन वायरी एकत्र बांधल्या तरी एका कॉम्प्युटरची एक कॉपी साधारणपणे एकाच वायरीनं जाते. दहा जण एकदम काम करत असतील तर गर्दी वाटली जाते, एकट्याला फायदा नाही. त्यासाठी स्विचही तशी सोय असलेला लागतो. माझ्या लेखी दुसऱ्या पोर्टाचे उपयोग दोनच: एक जळाला तर दुसरा हाताशी, आणि सीसीटीव्हीचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवता येतं. तिसरा-चौथा पोर्ट कोळ्यासाठी.

१० गिगाबिट लागतंच म्हणत असाल तर दोन जाती. एक नेहमीच्या आरजे-४५ तोंडाची. तिला कॅट-६ केबल साधारण ५५ मीटरपर्यंत पुरते, शंभर मीटरला कॅट-६ए लागते. पण हा पोर्ट तापतो, आणि आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत आधीच काय भट्टी असते ते सांगायला नको. दुसरी एसएफपी-प्लस: रिकामा चौकोनी खाचा, त्यात हवं ते मॉड्यूल सरकवायचं. डबा आणि एडिटिंगचं मशीन एकाच टेबलावर असेल तर दोन्ही टोकांना मॉड्यूल घट्ट बसवलेली तांब्याची तयार केबल मिळते. ती तापत नाही, वीजही कमी खाते. मी हीच दुसरी जात निवडतो.

पण एसएफपीचं खरं मोल मला वेगाच्या नव्हे, विजेच्या कामात कळलं. तीन वर्षांपूर्वी एका जिनिंगमध्ये मी काट्याच्या केबिनपर्यंत तांब्याची केबल ओढली होती. शंभर मीटरची मर्यादा होती म्हणून मधे एक छोटा स्विच टाकून पल्ला वाढवला, आणि स्वतःवर खूशही झालो. वैशाखात वळवाचा पाऊस आला. वीज थेट केबलवर पडलीही नाही, जवळच्या लिंबावर पडली. तरी मधला स्विच, ऑफिसचा स्विच आणि डब्याचा नेटवर्क पोर्ट तिन्ही गेले. पोर्ट मदरबोर्डावरच असल्यामुळं बोर्डच बदलावा लागला. डिस्क वाचल्या ते नशीब.

उघड्या रानातून दोन इमारतींमधे तांबं ओढलं की जवळ पडलेल्या विजेचा झटका त्यात उतरतो. शिवाय दोन्हीकडची अर्थिंग सारखी नसेल तर तो फरकही त्याच वायरीतून वाट काढतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. म्हणून नियम: वायर इमारतीच्या बाहेर जाणार असेल तर फायबर. त्यासाठी डब्यावर एक एसएफपी खाचा असला तर उत्तम. बहुतेक एसएफपी-प्लस खाचांत १ गिगाबिटचं मॉड्यूलही चालतं, तेवढं डब्याच्या माहितीपत्रकात तपासा. खाचा नसेल तर स्विचला घ्या किंवा भिंतीपाशी मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी) बसवा. बऱ्याच फायबर केबलींना ताण सोसायला लोखंडी तार असते, ती मात्र आत आणू नका. बाहेरच तोडून तिला अर्थिंग द्या, नाहीतर काच घालून काय मिळवलं?

जाता जाता: काट्याच्या इंडिकेटरमधून बहुधा नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट निघतो. एका मालकांनी तो बघून “मग डब्यालापण तसलंच भोक पाहिजे की” म्हणून हट्ट धरला होता. नको. काटा केबिनमधल्या कॉम्प्युटरशी बोलतो आणि कॉम्प्युटर डब्याशी.

चौथी पायरी: यूएसबी, पुढं किती आणि मागं किती

एक पुढं, दोन मागं. बोर्डावर आतल्या बाजूला एक असेल तर सोन्याहून पिवळं, कारण डबा चालवणारी अनरेडसारखी प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू होते आणि बाहेर दिसणारा पेनड्राइव्ह कुणीतरी एक दिवस “दोन मिनिटांसाठी” काढून नेतोच.

पुढचा पोर्ट ५ गिगाबिटचा तरी हवा. कार्ड रीडर आणि पोर्टेबल डिस्क त्यालाच लागणार. इथं नावांचा गोंधळ फार आहे. २००८ साली यूएसबी ३.० म्हणून जे आलं, त्यालाच पुढं ३.१ जेन १ आणि मग ३.२ जेन १ म्हणायला लागले. नाव सोडा, ‘५ जीबीपीएस’ का ‘१० जीबीपीएस’ तेवढं वाचा. टाइप-सी हा तर नुसता तोंडाचा आकार. त्यामागं यूएसबी २.० चाही वेग असू शकतो आणि थंडरबोल्टचा ४० गिगाबिटही. निळी जीभ बघून ३.० ओळखायची सवय बरी आहे, पण रंगाची सक्ती कुणावर नाही.

वीज किती देतो तेही बघा. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. अडीच इंची पोर्टेबल डिस्क फिरायला लागताना तेवढी ओढते. पोर्ट कमी पडला की टक-टक आवाज येतो, डिस्क दिसते, गायब होते, आणि माणूस डिस्कला दोष देतो. पुढचा पोर्ट लांब अंतर्गत वायरीनं बोर्डाला जोडलेला असेल तर हे हमखास. जुळवलेला डबा गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी मी जुनी, खादाड पोर्टेबल डिस्क पुढच्या पोर्टाला लावून शंभर जीबी कॉपी करून बघतो.

यूएसबी ३.० च्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सुटतो. वायरलेस माऊस अडखळायला लागला किंवा शेजारचा वायफाय मंदावला तर डिस्कची केबल त्यापासून हातभर दूर करा.

स्टुडिओवाले डब्यातच एसडी कार्डाची खाच मागतात. मी देत नाही. रोज आठ-दहा वेळा कार्ड घालून-काढून खाचेच्या पिना वाकतात, आणि मग पूर्ण डबा उघडावा लागतो. शिवाय बसवलेली खाच यूएचएस-१ ची (कार्डाच्या वेगाची खालची पायरी) असेल तर तिची कमाल १०४ एमबी, आणि तुमचं महागडं यूएचएस-२ कार्ड, ज्याची वाट ३१२ पर्यंत जाते, तेही तिथं १०४ वरच थांबतं. बाहेरचा रीडर खराब झाला की गंजगोलाईच्या बाजारात जाऊन दुसरा आणायचा, विषय संपला.

क्लासमध्ये किंवा दुकानात, जिथं कुणीही येऊन उभं राहतं, तिथं पुढच्या पोर्टाची आपोआप कॉपी करण्याची सोय बंद ठेवा. पेनड्राइव्हबरोबर काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहे.

पाचवी पायरी: लाईट

हा भाग पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकांत दोन ओळींत उरकतात. आपल्याला तसं करणं परवडत नाही.

मागच्या दोन यूएसबींपैकी एक यूपीएससाठी राखीव. तिथं यूएसबी २.० सुद्धा चालतो, कारण जायचा असतो फक्त निरोप: लाईट गेली, बॅटरी एवढी उरली. निरोप मिळाला की डबा लिहिणं पूर्ण करून स्वतःहून बंद होतो. निरोपाची वायर नसेल तर यूपीएस फक्त मरण दहा मिनिटं पुढं ढकलतो. बॅटरी संपली की डबा लिहिता लिहिताच जातो.

यूपीएस घेताना त्याच्या पाठीला चौकोनी यूएसबी तोंड आहे का बघा. लहान, स्वस्त यूपीएसना बऱ्याचदा नसतं. घरचा इनव्हर्टर हा त्याला पर्याय नव्हे. इनव्हर्टरवर डबा चालेल, पण बॅटरी संपत आल्याचं तो डब्याला सांगणार नाही. आधीच इनव्हर्टर असेल तर त्याच्यापुढं छोटा निरोपवाला यूपीएस जोडा, फक्त दोघांचं जुळतंय का ते दुकानातून न्यायच्या आधी चालवून बघा, कारण काही इनव्हर्टरची वीज काही यूपीएसना पचत नाही.

एका यूपीएसवर दोन मशीन असतील तर वायर डब्याला लावायची आणि डब्यानं नेटवर्कवरून दुसऱ्याला कळवायचं. नेटवर्क यूपीएस टूल्स हे मोफत सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. तेव्हा स्विचही यूपीएसवरच हवा, नाहीतर निरोप निघेल पण पोचणार नाही.

वीज आत घ्यायचं तोंड हाही एक पोर्टच. अडॉप्टरचं गोल तोंड की डब्याच्या आतला पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस? दोन डिस्कपर्यंत मी १२ व्होल्टचा अडॉप्टर पसंत करतो. जळाला तरी सीसीटीव्हीवाल्याकडं त्याच दिवशी दुसरा मिळतो, संभाजीनगर-पुण्याची वाट बघावी लागत नाही. अँपिअर मात्र तपासा. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत ओढते. चार डिस्क एकदम उठल्या की नुसते त्यांचेच आठ. तिथं एसएमपीएस बरा, आणि डिस्क एकेक करून उठवायची सोय असेल तर ती चालू करा.

सहावी पायरी: बाकीची भोकं

एचडीएमआय एक असू द्या. पहिल्या दिवशी लागतो, आणि ज्या दिवशी डबा नेटवर्कवर दिसायचा बंद होतो त्या दिवशी लागतो. ई-साटा विसरा. त्यातून डिस्कला वीज जात नाही, वेगळा अडॉप्टर लागतो, आणि यूएसबीनं त्याचं काम कधीच घेतलंय. फायरवायर जुन्या कॅसेटवाल्या कॅमेऱ्यांपुरतं. त्या कॅसेटी उतरवायच्या असतील तर जुना कॉम्प्युटर शोधा, डब्याला त्रास नको. थंडरबोल्ट मॅकवर एडिटिंग करणारा डब्याच्या शेजारीच बसणार असेल तरच. वायफाय नको, डबा वायरीलाच बांधलेला बरा.

त्यापेक्षा एक रिकामा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट (आत जादा कार्ड बसवायची खाच) मागा. उद्या काय लागेल ते आज कळत नाही, आणि स्लॉट असला की कार्ड घालता येतं. फक्त त्या स्लॉटला किती लेन, म्हणजे माल जायच्या वाटा, दिल्यात ते विचारा. तिसऱ्या पिढीच्या एका लेनमधून सेकंदाला साधारण ९८५ एमबी जातात, आणि १० गिगाबिटच्या एका पोर्टालाच १२५० लागतात. एका लेनच्या स्लॉटात दोन पोर्टांचं १० गिगाबिट कार्ड बसवलं तर दोन्ही मिळून एकाचाही पूर्ण वेग निघत नाही. छोट्या डब्यांत नेहमी दिसणाऱ्या इंटेलच्या एन१०० प्रोसेसरला सगळ्या मिळून नऊच लेन आहेत. त्यातच नेटवर्क, एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि साटाच्या (हार्ड डिस्क जोडायच्या) चिपा भागवायच्या. एवढ्याशा डब्यात चार २.५ चे पोर्ट, दोन एनव्हीएमई आणि सहा डिस्क असं दिसलं की कुठंतरी काटकसर झालीय असं समजा.

सातवी पायरी: पुठ्ठ्याचा डबा

पैसे द्यायच्या आधी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा डब्याच्या मापानं कापा, त्यावर पोर्ट पेननं काढा आणि डबा जिथं राहणार तिथं ठेवून बघा. आरजे-४५ ची पट्टी दाबायला बोट जातं का? मागच्या भिंतीपासून वायरीला वळायला वीत-दीड वीत जागा आहे का? पुढच्या यूएसबीवर कपाटाचं दार तर येत नाही? स्टुडिओचा दुसरा डबा मी असाच ठरवला: पुढं एक ५ गिगाबिटचा यूएसबी, मागं दोन यूएसबी, दोन २.५ चे नेटवर्क पोर्ट, एक एचडीएमआय, एक रिकामा स्लॉट. बस.

जिनिंग किंवा डाळमिलमध्ये ठेवणार असाल तर न वापरलेल्या प्रत्येक भोकाला रबरी टोपण घाला. रुई आणि डाळीचा भुसा पोर्टात शिरून पिनांवर बसतो. पंख्यापुढची जाळी हंगामात दर आठवड्याला झटका. कामाच्या पोर्टांवर मार्करनं मराठीत लिहा: ‘यूपीएस, काढू नये’, ‘कॅमेरे’, ‘ऑफिस’. इंग्रजी लेबल लावलेली वायर झाडलोट करणाऱ्या मावशींनी उपसली तर चूक त्यांची नाही.

आणि बसवून झालं की गिऱ्हाइकासमोर, मोठी कॉपी चालू असताना, यूपीएसचं भिंतीतलं बटण बंद करा. खुर्ची ओढून बसा. डबा स्वतःहून बंद झाला पाहिजे, परत लाईट दिल्यावर स्वतःहून चालू झाला पाहिजे, आणि आधी पोचलेल्या फाईली उघडल्या पाहिजेत. यातलं एकही झालं नाही तर डबा गाडीत घालून परत न्या, बिल दुसऱ्या दिवशी.